मुक्काम बऱ्हाणपूर

अमृतसरहून पुण्याला एकटीने गाडी चालवत परतताना शेवटची रात्र कुठे काढायची, यावर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मला न विचारताच मतदान उरकलं होतं. इंदूर प्रचंड बहुमताने निवडून आलं. तिथे दिरांचे मित्र आहेत, सराफ्यात मध्यरात्रीपर्यंत खायला मिळतं, शहर स्वच्छ आहे. सगळं खरं. पण दिवसभर स्टिअरिंग धरून बसलेल्या माणसाला मोठ्या शहरातला मुक्काम ही शिक्षा असते. संध्याकाळी आत शिरायला तास, सकाळी बाहेर पडायला तास, आणि रात्रभर गाडी गल्लीत लावल्याची काळजी. मला आवडतं जिल्ह्याचं गाव. लॉजला फाटक असावं, फाटकाच्या आत गाडी लागावी, खोली पहिल्या मजल्यावर असावी आणि जेवायला चालत जाता यावं. बाकी गिझरचं पाणी गरम येतं की कोमट, यावर मी भांडत नाही.

शिवाय मला बऱ्हाणपूर पाहायचं होतं. इंदूरहून पुण्याला यायचा सरळ रस्ता सेंधवा-शिरपूर-धुळ्यावरून, जुन्या आग्रा रोडने. बऱ्हाणपूरचा रस्ता त्यामानाने आडवळणाचा. पण मराठ्यांच्या इतिहासाचं कुठलंही जाड पुस्तक उघडा, दर पाच-पंचवीस पानांनी कोणीतरी बऱ्हाणपुरास मुक्काम केलेला असतो. सुभेदार येतात, शहजादे येतात, खजिने येतात, वकील येतात. दोन दिवस, दोन महिने, दोन वर्षं थांबतात आणि पुढच्या पानावर दौलताबादेला किंवा आग्र्याला पोचलेले असतात. ज्या गावात सगळे नुसते थांबले, त्या गावात आपणही एक रात्र थांबून पाहावं, एवढाच हेतू होता.

ब्यावऱ्याहून सकाळी निघाले. इंदूर बाहेरूनच वळसा घालून टाळलं आणि सिमरोलच्या बाजूने घाटाला लागले. या रस्त्याला सगळे इंदूर-इच्छापूर रोड म्हणतात आणि म्हणताना किंचित तोंड वाकडं करतात. भेरूघाटातली वळणं, समोरून रेटत येणारे ट्रक आणि रुंदीकरणासाठी जागोजागी उकरून ठेवलेली माती. ऐंशीच्या वर काटा जाणं शक्यच नव्हतं, आणि मला ते बरंच वाटलं. बडवाह गेलं, मोरटक्क्याला नर्मदेचा पूल लागला. इथून ओंकारेश्वर जवळ, त्यामुळे रस्त्याच्या कडेने पांढऱ्या कपड्यातले परिक्रमावासी चाललेले. चहाला थांबले तिथे साताऱ्याकडच्या दोघी बसल्या होत्या. खांद्याला पडशी, हातात काठी आणि कमंडलू. माझ्या गाडीची एमएच बारा पाटी पाहून त्यांनीच हाक मारली.

"एकट्याच का?"

"एकटीच."

"आम्ही बी दोघीच. पर पायी. आज कुठं टेकणार?"

मी बऱ्हाणपूर म्हटलं. त्यांनी त्या रात्री कुठे टेकायचं ते ठरवलं नव्हतं. आश्रम येईल तिथे, नाही आला तर देवळात, नाही तर कुणाच्या तरी ओसरीवर. मी मनात फाटकाच्या आतलं पार्किंग मोजत होते, म्हणून पुढे काही बोलले नाही. चहाचे पैसे मात्र त्यांनी मला देऊ दिले.

सनावदच्या पुढे आत कुठेतरी रावेरखेडी आहे. थोरल्या बाजीरावाचा शेवटचा तळ. २८ एप्रिल १७४० ला तो तिथे ज्वराने गेला, नर्मदेच्या काठी, ऐन उन्हाळ्यात. समाधी मी पूर्वी पाहिलेली आहे, म्हणून आत वळले नाही. पण एवढ्या पट्ट्यात, नर्मदा आणि तापी यांच्या मधल्या या शे-सव्वाशे किलोमीटरमध्ये, किती मोठी माणसं प्रवासात मेली हे मोजायला घेतलं तर बोटं पुरणार नाहीत. त्यातली दोन बऱ्हाणपुरात भेटायची होती.

खांडव्याकडचा भाग मागे पडला की सातपुडा दोन्ही बाजूंनी जवळ येतो, आणि मग एकाएकी समोर असीरगड उभा राहतो. दख्खनचा दरवाजा म्हणतात ते उगीच नाही. उत्तरेकडून येणाऱ्या फौजेला तापीच्या खोऱ्यात उतरायचं तर या डोंगराच्या पायाशी मान वाकवूनच जावं लागे. अकबराने बरेच महिने वेढा घालून १६०१ च्या जानेवारीत तो घेतला. पायथ्याच्या टपरीवरच्या माणसाला मात्र अकबराचं काही पडलेलं नव्हतं. गडावरच्या शंकराच्या देवळात अश्वत्थामा रोज पहाटे पूजा करून जातो, ताजं फूल वाहिलेलं असतं, हे त्याने मला तीनदा सांगितलं. "आपने देखा है?" विचारलं तर म्हणाला, "देखनेवाला पागल हो जाता है, इसलिए कोई जाता नहीं." युगानुयुगं ज्याला कुठेच मुक्काम करायची मुभा नाही, त्या माणसाला लोकांनी बऱ्हाणपूरच्या वेशीवर आणून ठेवलंय, हे मला फार आवडलं.

गडाच्या पुढे उतार लागतो आणि झाडोरा बदलतो. केळी. रस्त्याला लागून केळीच्या बागा, घडांनी भरलेले ट्रॅक्टर, कडेला फेकलेले दांडे. खानदेशात पोचल्याची खूण, अजून मध्य प्रदेश संपला नसला तरी.

गावात शिरले ते शनवाऱ्याच्या बाजूने. शनवारा, इतवारा, बुधवारा अशी नावं वाचून पुणेकराला क्षणभर बरं वाटतं. मग रिक्षा, हातगाड्या, कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या मोटारसायकली आणि एक अख्खी वरात यांच्यातून वाट काढताना ते बरं वाटणं विरतं. ठरवलेल्या लॉजला फाटक होतं. आत अंगण होतं, अंगणात कडुनिंब होता आणि कडुनिंबाखाली माझ्या गाडीपुरती जागा होती. काउंटरवर तिशीतला मॅनेजर.

"मॅडम, साथ में कौन है?"

"कोणी नाही."

"गाडी ड्रायव्हर घेऊन आला ना? त्याची झोपायची सोय मागे आहे."

मराठी कानावर आल्याबरोबर तोही मराठीत आला होता, तेही खानदेशी वळणाच्या, आपल्याच. ड्रायव्हर मीच म्हटल्यावर त्याने फाटकाकडे, गाडीकडे आणि मग माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. नंतर त्याने जे केलं ते मला मोलाचं वाटतं. आश्चर्य व्यक्त केलं नाही, कौतुकही केलं नाही, नुसता खोलीचा नंबर बदलला. "मग तुम्ही ही घ्या. जिन्याजवळ आहे, आणि खिडकीतून गाडी दिसते." ज्याने आयुष्यभर प्रवासी पाहिलेत त्यालाच असं सुचतं. माझ्यासाठी ताई हे संबोधनही त्याने त्याच क्षणी पक्कं केलं.

खोली आधी पाहून आले. कडी आतून नीट बसते का, खिडकीच्या जाळीला भोक आहे का, बाथरूमचा नळ गळतो का, एवढं पाहते. मग रजिस्टर. लाल कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे झिजलेलं. आधार कार्डाची झेरॉक्स त्याने वेगळी घेतलीच होती, तरी रजिस्टर सुटत नाही. नाव, पती अथवा वडिलांचं नाव, उम्र, कहाँ से आए, कहाँ जाना है, आने का प्रयोजन. माझ्या वरच्या ओळींमध्ये कुणी केले का व्यापार लिहिलं होतं, कुणी शादी, कुणी पावरलूम पार्ट्स, आणि एकाने सरळ नींद. पुण्याला जायचंय, अमृतसरहून आले, मग इथे येण्याचं प्रयोजन काय लिहायचं? मी पेन घेऊन थबकले तशी मॅनेजर म्हणाला, "रेस्ट लिहा ताई. सगळे तेच लिहितात."

इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात इथे आला तेव्हा त्यानेही तेच लिहिलं असतं. सुरतेहून अजमेरला जहांगीरच्या दरबारी निघालेला माणूस. बऱ्हाणपूर वाटेत लागलं, आणि इथे जहांगीरचा मुलगा परवेझ सुभ्याचा कारभार पाहत होता, म्हणून थांबणं भाग. कोतवालाने त्याला सराईत चार खोल्या दिल्या. रोने रोजनिशीत त्यांचं वर्णन भट्ट्यांसारख्या असं केलंय: विटांच्या, वरून गोल आणि भट्टीहून तसूभर मोठ्या नाहीत अशा. तो चिडून स्वतःच्या तंबूत झोपला. कोतवाल म्हणाला, याहून चांगली जागा गावात नाही. आणि नंतर गाव फिरून पाहिल्यावर रोलाही ते कबूल करावं लागलं, कारण शहजाद्याचा वाडा आणि थोडी मातब्बरांची घरं सोडली तर बाकी सगळी मातीची खोपटं. पुढे तो परवेझला भेटला, नजराण्यात दारूच्या बाटल्या दिल्या. एकांतात बोलायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं, कारण तेवढ्यात शहजादे त्याच दारूने आडवे झाले होते. स्वतः रो तापाने फणफणला. लॉजच्या खोलीबद्दल कुरकुर, यजमानांची बेफिकिरी आणि परक्या पाण्याने आलेलं आजारपण. चारशे वर्षांपूर्वीचं हे प्रवासवर्णन आजही कुठल्याही मासिकात चालून जाईल.

हातपाय धुऊन बाहेर पडले. उजेड होता तोवर गांधी चौकातली जामा मशीद पाहायची होती. फारुकी राजांनी सोळाव्या शतकाच्या शेवटी बांधलेली, काळ्या दगडाची, दोन उंच मिनारांची. हे फारुकी म्हणजे खानदेशचे सुलतान. त्यांच्याच घराण्यातल्या नासिरखानाने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हे गाव वसवलं आणि खुलताबादला दफन असलेल्या बुऱ्हानुद्दीन गरीब या सूफी संताचं नाव त्याला दिलं. मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला चक्क संस्कृत शिलालेख आहे, नागरी अक्षरांत, फारुकी राजांच्या वंशावळीचा, आणि त्यात हिजरीबरोबर विक्रम संवत आणि शकही दिलाय. नमाजाला वेळ होता. एका वयस्क गृहस्थांनी विचारल्यावर आतल्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "पढ़ लीजिए. आप पढ़ सकेंगी, हम नहीं." मलाही तो धड वाचता आला नाही. अक्षरं ओळखीची होती, वाक्य हाती लागत नव्हतं.

भूक लागली होती. मॅनेजरने मांड्यांची दुकानं कुठे लागतात ते सांगून ठेवलं होतं. आपल्याकडे खानदेशात मांडे म्हणजे खापरावरची पुरणपोळी, हातावर झेलत मोठी करत नेलेली, लग्नाकार्याची. इथला मांडा तसा नाही. यात पुरण नाही. ही नुसती मैद्याची रोटी, पण केवढी! भट्टीशी बसलेल्या माणसाच्या अंगावर बनियन, डोक्याला रुमाल, आणि समोर परातीत तेलपाण्यात भिजून सैल पडलेला कणकेचा गोळा. त्याने लिंबापेक्षा जरा मोठा गोळा तोडला, दोन्ही तळव्यांत थापटला, मग तो हवेत गेला. डाव्या मनगटावरून उजव्यावर, उजव्यावरून डाव्यावर, आणि दर फेऱ्याला वीतभर वाढलेला. शेवटी तो इतका पातळ झाला की पलीकडचा पिवळा बल्ब त्यातून दिसायला लागला. उपड्या घातलेल्या लोखंडी कढईवर त्याने तो पसरला. कडा बाहेर लोंबत होत्या, त्या बोटाच्या टोकाने आत ओढल्या. तिथे तो मिनिटभरही राहत नाही. फोड येतात, त्यांची टोकं तपकिरी होतात आणि दुसरा माणूस तो उचलून चारपदरी घडी घालतो. घडीवर घडी चढत जाऊन ढीग मांडीएवढा झाला होता. लोक येत होते, डझनाच्या हिशेबात नेत होते. कुणाकडे मटणाचा डबा होता, कुणी घरी रस्सा आहे म्हणत होतं.

मी उभ्या उभ्या दोन मांडे आणि वाटीभर रस्सा खाल्ला. कोमट मांडा रश्श्यात बुडवला की विरघळायच्या बेतात येतो, पण तुटत नाही. भट्टीवाल्याला विचारलं, हे एवढं मोठं का करायचं? तो हात न थांबवता म्हणाला, "फौज खाती थी ना. छोटी-छोटी बनाने का टाइम किसके पास था?" कहाणी गावात सगळे सांगतात: मुघल लष्कर उतरायचं, हजारो तोंडं, मग एकाच वेळी खूप जणांना पुरेल असं काहीतरी हवं. कागदावर याला पुरावा काय, माहीत नाही. पण भट्टीसमोर उभं राहिल्यावर मला ही कहाणी पटली. फौजा गेल्या, भट्टी राहिली, आणि गाव अजून डझनाने मांडे खातंय.

गोडाला मावा जिलेबी घेतली. काळपट, जाड, आत मऊ. मुंबईत रमजानात मोहम्मद अली रोडवर मिळते तीच, आणि ती मूळची इथली असं इथले लोक ठासून सांगतात. अर्धी खाल्ली, अर्धी कागदात बांधून घेतली. दराबा घ्यायला पोटात आणि पिशवीत जागा राहिली नव्हती.

परतले तेव्हा मॅनेजर अंगणात खुर्ची टाकून बसला होता. त्याने दुसरी ओढली. बऱ्हाणपूरच्या माणसाजवळ रात्री बसलात तर पंधरा मिनिटांत ताजमहाल निघतो. त्याने दहा घेतली.

"ताज इथंच व्हायचा होता, ताई. तापीच्या काठावर. मुमताज इथंच वारली ना."

हे दुसरं वाक्य निखालस खरं आहे. खानजहान लोदीच्या बंडाचा आणि दक्षिणेच्या मोहिमेचा बंदोबस्त करायला शाहजहान बऱ्हाणपुरात तळ देऊन होता. १७ जून १६३१ ला चौदाव्या बाळंतपणात मुमताज इथल्या किल्ल्यात गेली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात तिला पुरलं, आणि सहाएक महिन्यांनी शव उकरून आग्र्याला नेलं. ताज इथेच होणार होता हे मात्र सांगोवांगी. कुणी म्हणतं इथल्या मातीला वाळवी होती, कुणी म्हणतं संगमरवर आणणं जड गेलं असतं, कुणी म्हणतं तापीत प्रतिबिंब नीट पडलं नसतं. मॅनेजरचा वाळवीवर विश्वास होता. मी विचारलं, बांधला असता इथे तर काय झालं असतं? तो क्षणभर विचार करून म्हणाला, "मग आमच्या लॉजचे रेट वाढले असते."

मला मात्र त्या वर्षाचं दुसरंच आठवत होतं. १६३० आणि ३१ ही गुजरात-खानदेश-दख्खनच्या भयानक दुष्काळाची वर्षं. तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा ज्यात गेले तोच दुष्काळ. इंग्रज व्यापारी पीटर मंडी त्याच काळात सुरतेहून आग्र्याला निघाला होता, तोही बऱ्हाणपूरवरून. त्याने वाटेवर पडलेली प्रेतं आणि अन्नासाठी पोरं विकणारी माणसं लिहून ठेवलीत. म्हणजे देहूला तुकाराम आपल्या घरची माणसं पोचवत होता आणि इथे तापीकाठी बादशाही तळाला धान्य पुरवलं जात होतं. मुमताजच्या मृत्यूचा दिवस आपल्याला तारखेनिशी माहीत आहे. त्या वर्षी या रस्त्यावर मेलेल्यांचं रजिस्टर कुणी ठेवलं नाही. ही तुलना मला ताजमहालापुढे उभी असताना कधी सुचली नव्हती, तिथे सुचू नये अशीच त्याची बांधणी आहे. कडुनिंबाखालच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मात्र सुचली.

खोलीत गेले, दिवा मालवला, तसा आवाज कळायला लागला. खटखट-खटखट, लांबून, एका लयीत. आधी वाटलं पंखा. मग कळलं की मागच्या मोहल्ल्यात पॉवरलूम चालू आहेत. तॅव्हर्निएसारख्या सतराव्या शतकातल्या प्रवाशांनी बऱ्हाणपूरच्या तलम, जरीकाठी कापडाबद्दल लिहिलंय, जे इथून सुरतेमार्गे इराण-तुर्कस्तानपर्यंत जायचं. आता जरी नाही, साधं कापड निघतं, पण मागावर माणूस रात्रपाळीला बसतोच. माझ्या मुक्कामांच्या गावांत रात्रीचे आवाज ठरलेले: ट्रकचे हॉर्न, कुत्री, एखादा लग्नाचा डीजे. हा आवाज निराळा होता. मला झोप लागली ती त्यानेच.

सकाळी लवकर निघून कुंडी भंडारा गाठला. पाहायचं एकच ठेवलं तर बऱ्हाणपुरात हे पाहावं, किल्ला आणि मकबरे नंतर. एवढ्या मोठ्या छावण्या उतरायच्या तर प्यायला पाणी कुठून आणायचं? तापी होती, पण वेढा पडला किंवा कुणी नदीत विष घातलं तर? जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या अमदानीत तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या पोटातून झिरपणारं पाणी हेरलं आणि जमिनीखालून बोगदा खणून ते शहराकडे वळवलं. इराणात अशा जलमार्गांना कनात म्हणतात. बोगद्यावर ठरावीक अंतराने शंभराहून अधिक उभ्या विहिरी, त्या कुंड्या. वरून पाहिलं तर शेतातून एका रांगेत चाललेले चुन्याचे गोल कठडे दिसतात, बाकी काही नाही. पंप नाही, रहाट नाही, उतार एवढाच काय तो यंत्राचा भाग. २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत याचं नाव लागलं.

सुदैवाने लिफ्ट चालू होती. लिफ्ट म्हणजे विहिरीत सोडलेला लोखंडी पिंजरा. माझ्याबरोबर चालवणारा पोरगा. खाली जायला ऐंशी फूट. वरचं उजेडाचं वर्तुळ ताटाएवढं होत गेलं, मग वाटीएवढं, आणि पिंजरा पाण्याला टेकला. चपला वरच काढल्या होत्या. पाणी पोटऱ्यांपर्यंत, थंड, आणि इतकं नितळ की तळाचे खडे मोजावेत. मुरुमात खोदलेला बोगदा माझ्या डोक्यापेक्षा थोडाच उंच, भिंतींवर चुन्याचे पांढरे थर साठून सुजल्यासारखे झालेले. हात लावला तर खरखरीत आणि ओला. पुढे पाहिलं तर काळोख, मग लख्ख उजेडाचा खांब, परत काळोख, परत खांब. दर कुंडीतून वरचा दिवस खाली उतरत होता. पोरगा ओंजळ भरून प्यायला आणि म्हणाला, "पी के देखो आंटी, बिसलेरी फेल है." मी प्यायले. खडकाची किंचित चव असलेलं चांगलं पाणी. हे पाणी टॉमस रोच्या नशिबी नव्हतं. तो आला तेव्हा काम नुकतं सुरू असावं, नाही तर ताप टळला असता.

आता राहिला तो दुसरा माणूस. तापी आणि मोहना जिथे मिळतात त्या बाजूला गावाबाहेर राजा की छत्री आहे. हा राजा म्हणजे मिर्झाराजे जयसिंग. मराठी माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही: १६६५ चा पुरंदरचा तह, तेवीस किल्ले, आणि मग शिवाजीमहाराजांची आग्र्याची वाट. विजापूरची मोहीम फसली, पाठोपाठ महाराज आग्र्याहून निसटले, आणि औरंगजेबाने जयसिंगाला दख्खनवरून परत बोलावलं. परतीच्या वाटेवर १६६७ मध्ये तो बऱ्हाणपुरात मेला. विष दिल्याची वदंता तेव्हाही होती. ज्या औरंगजेबाची त्याने शेवटपर्यंत चाकरी केली, तोच चौदा वर्षांनी, १६८१ मध्ये, फौजफाटा घेऊन बऱ्हाणपुरात उतरला. वर्षाच्या सुरुवातीलाच संभाजीराजांच्या फौजेने इथलं बहादूरपुरा लुटून नेलेलं होतं. औरंगजेब इथून खाली गेला तो उत्तरेत परत आलाच नाही. पंचवीस वर्षांनी नगरला संपला.

छत्री बत्तीस खांबांची, नदीच्या उंचवट्यावर, चांगली देखणी. मी पोचले तेव्हा आसपास चिटपाखरू नव्हतं, म्हणजे पर्यटक नव्हते. बकऱ्या घेऊन आलेला एक म्हातारा होता आणि क्रिकेट खेळणारी पाचसहा पोरं, ज्यांचा स्टंप म्हणजे दगडांची चवड. म्हाताऱ्याने विचारलं, कुठून? पुण्याची म्हटल्यावर त्याने छत्रीकडे अंगठा केला.

"ये भी उधर से ही आ रहे थे. घर जा रहे थे."

"मैं भी घर जा रही हूँ."

"आप तो पहुँच जाओगी. गाड़ी अच्छी है." त्याने माझ्या धुळीने माखलेल्या गाडीकडे पाहिलं आणि बहुधा शब्द मागे घ्यावासा वाटला, पण घेतला नाही.

पोरांपैकी एकाने बॅट खाकेत मारून रस्त्याचा सल्ला दिला. मुक्ताईनगरवरून बोदवड-जामनेरकडे जाऊ नका, तिकडे सगळं उकरलंय. मलकापूर-बुलढाण्यावरून जा. दुसरा म्हणाला, बुलढाण्याचा घाट चढायचा असेल तर डिझेल पुढे भरा. गाडी पेट्रोलची आहे म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला. तिसऱ्याचा मामा जामनेरला राहतो, त्याचं म्हणणं रस्ता एकदम चकाचक आहे, हे दोघं उगाच बोलतात. त्यावर त्यांचं जुंपलं आणि मॅच थांबली. इच्छापूर ओलांडून महाराष्ट्रात शिरले, मुक्ताईनगरला पेट्रोल भरलं, आणि मामाच्या भरवशावर जामनेरचा रस्ता धरला.